फाल्गुन-चैत्रात नर्मदाकाठी : आठवडाभर पायी चालणाऱ्यांसाठी

संक्रांत उलटली की दर वर्षी तेच प्रश्न नव्याने विचारले जातात. 'पूर्ण परिक्रमेला चार-पाच महिने देणं शक्य नाही, आठवड्याची रजा मिळते, तेवढ्यात नर्मदेकाठी चालता येईल का?' 'असं तुकड्यातुकड्याने केलेलं चालतं का?' 'मार्चचं ऊन झेपेल का?' 'मुक्काम कुठे करायचा?' 'बायकांनी एकट्याने जावं का?' नर्मदा परिक्रमेवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण त्यातलं बहुतेक पूर्ण परिक्रमेचे अनुभव सांगणारं आहे. आठवडाभरासाठी निघणाऱ्याला त्यातून उमेद मिळते, मात्र पहिल्या दिवशी सकाळी किती वाजता निघायचं ते कळत नाही. म्हणून हा लेख.

आधी थेट उत्तर. आठवड्यात नर्मदेकाठी छान चालता येतं. फक्त किती किलोमीटर चालायचं हे सर्वांत शेवटी ठरवा. कोणता टप्पा, कोणता काठ आणि दिवसातले कोणते तास, हे आधी ठरू द्या. वसंतातल्या नर्मदेकाठी ऊन आणि धरणांतून सुटणारं पाणी या दोन गोष्टी तुमच्या हातात नसतात. बाकीचं सगळं त्यांच्याभोवतीच बसवावं लागतं.

तुकड्याने चाललेलं 'चालतं' का?

नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे. अमरकंटकला उगम पावून ती भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. परंपरेने तिची परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवसांची मानली जाते. चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी एकादशीनंतर परिक्रमा उचलायची, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही, हे मूळ नियम. उपनद्या ओलांडायला हरकत नसते.

टप्प्याटप्प्याने चालण्याला 'खंड परिक्रमा' म्हणतात आणि ती लोक करत आले आहेत. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड १९७७ मध्ये जबलपूरहून मंडल्यापर्यंत चालत गेले. पुढेही वर्षानुवर्षं सवड मिळेल तसे ते एकेक टप्पा चालत राहिले. नर्मदेवरची त्यांची पुस्तकं याच तुकड्यातुकड्यांच्या चालण्यातून उभी राहिली. तेव्हा आठवडाभरच जमतंय याचा संकोच करू नका.

निघण्यापूर्वी एक निर्णय मात्र स्वतःशी करून टाका. तुम्ही परिक्रमेचा खंड म्हणून चालणार आहात, की नदीकाठची पदयात्रा म्हणून?

- परिक्रमेचा खंड म्हणून चालणार असाल, तर नदी उजवीकडे हवी. म्हणजे प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे जाताना दक्षिण तट आणि प्रवाहाविरुद्ध पूर्वेकडे जाताना उत्तर तट. टप्पा निवडतानाच हे पाहा, नाहीतर अर्ध्या वाटेत कोणीतरी 'उलटे चाललात' म्हणून टोकेल आणि उरलेले दिवस मनाला टोचणी लागेल. संकल्प करताना 'अमुक गावापासून तमुक गावापर्यंत' असाच करा.
- पदयात्रा म्हणून चालणार असाल, तर कोणत्याही काठाने, कोणत्याही दिशेने चाला, नावेने पलीकडे जा. पण मग परिक्रमावासी म्हणून सदाव्रताचा शिधा घेऊ नका. धर्मशाळेत राहा, जेवणाचे पैसे द्या. गावकरी ज्या भावनेने परिक्रमावासीला वाढतात, तिचा मान राखण्याचा हा साधा मार्ग आहे.

कोणते दिवस निवडावेत?

महाशिवरात्र झाल्यानंतरचे आणि गुढीपाडव्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे सर्वांत चांगले. शिवरात्रीच्या आगेमागे ओंकारेश्वरला पाय ठेवायला जागा नसते, ती गर्दी ओसरलेली असते. उपनद्या आणि ओढे आटलेले असल्याने जिथे कार्तिकात मोठा वळसा घ्यावा लागतो, तिथून सरळ पलीकडे जाता येतं. काळ्या मातीचा चिखल वाळलेला असतो. पळस पेटलेला असतो, काटेसावर फुललेली असते आणि चैत्र लागता लागता पहाटेच्या वाटेवर मोहाची फुलं पडलेली असतात. या दिवसांचं नर्मदेचं पाणी निवळशंख असतं. मला विचाराल तर नुसतं पाहण्यासाठी यापेक्षा चांगला काळ नाही.

उलट बाजूही लक्षात घ्या. निमाड, म्हणजे खांडवा-खरगोनचा पट्टा, देशातल्या कडक उन्हाच्या भागांपैकी आहे. मार्चच्या उत्तरार्धात दुपारी चालणं कठीण होतं आणि एप्रिलमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गुढीपाडव्यानंतर निमाडात चालायला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंचांगात आणखी तीन गोष्टी तपासा. होळीच्या आधीच्या आठवड्यात निमाड आणि झाबुआच्या बाजूला भगोरियाचे बाजार भरतात. पाहण्यासारखे असतात, पण त्या दिवसांत बसगाड्या खचाखच भरलेल्या असतात. धुळवडीच्या आणि रंगपंचमीच्या दिवशी मुक्कामाच्या गावीच थांबा. गुढीपाडव्याच्या आधीची भूतडी अमावास्या म्हणजे घाटांवर मोठी गर्दी, तिच्याविषयी पुढे सांगतो.

कोणता टप्पा?

*ओंकारेश्वर ते नावडातोडी, दक्षिण तट.* पहिल्या खेपेसाठी मी हाच टप्पा सुचवतो. वाटेनुसार थोडं कमीजास्त धरून साधारण ७० किलोमीटर. निवांत चालल्यास पाच-सहा दिवस. खांडव्यापर्यंत रेल्वे, तिथून ओंकारेश्वरला बस. इंदूरहूनही दोन-अडीच तासांत पोहोचता येतं. गावं जवळजवळ आहेत आणि परिक्रमावासींची इथल्या लोकांना पिढ्यान्पिढ्या सवय आहे. थकलात तर काठापासून थोडं आत गेल्यावर रस्ता आणि वाहन मिळतं. नवख्यासाठी हीच सर्वांत मोठी सोय.

या वाटेवर मोरटक्क्याच्या पुढे रावेरखेडी लागतं. पहिले बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी इथे तापाने गेले, त्यांची समाधी नदीकाठीच आहे. तिथे अर्धा दिवस थांबा. पुढे बकावाँ गावात नर्मदेच्या दगडांची शिवलिंगं घडवण्याचा घरोघरी व्यवसाय आहे. याच काठावर तेली भट्ट्याण आहे, डिसेंबर २०२४ मध्ये देह ठेवलेल्या संत सियारामबाबांचं स्थान. टप्प्याच्या शेवटी नावडातोडी, म्हणजेच पुरातत्त्वाच्या पुस्तकांतलं नावडाटोली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात इथे उत्खनन करून ताम्रपाषाणयुगातली वसाहत उजेडात आणली. समोर पलीकडच्या काठावर अहिल्याबाईंच्या महेश्वरचा घाट आणि किल्ला दिसतो.

इथेच नियमाचा पेच पडतो. महेश्वर नावेच्या एका फेरीवर असतं आणि खंड पाळणाऱ्याला ती नाव घेता येत नाही. काही जण संकल्प सोडून मग पलीकडे जातात, काही दक्षिण तटावरूनच बसने परततात. दोन्ही रीती आहेत. तुमची कोणती ते घरूनच ठरवून निघा, म्हणजे घाटावर वाद होणार नाही.

*महेश्वर ते ओंकारेश्वर, उत्तर तट.* हाच पट्टा, पण पूर्वेकडे, मंडलेश्वर आणि बडवाहवरून. महेश्वर आधी नीट पाहून चालायला सुरुवात करायची असेल तर हा बरा. मात्र सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो, काठाची टोपी हवीच.

*अमरकंटकहून दिंडोरीकडे.* उगमाचा प्रदेश समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास असल्याने मार्चच्या अखेरीसही हवा सुसह्य असते. सालाची जंगलं आहेत, नदी अजून लहान आहे. पेंड्रा रोड हे जवळचं रेल्वेस्थानक. गावं विरळ, दुकानं कमी आणि रात्री चांगल्याच गार. आधी एखादा टप्पा चाललेल्यांनी इथे जावं.

*जबलपूरहून भेडाघाटच्या पुढे.* ग्वारीघाट ते भेडाघाट दीड-दोन दिवसांत होतं. रजा फारच कमी असेल तर एवढंच करा आणि धुआंधार धबधबा पाहून परता.

*उत्तरवाहिनी.* गुजरातेत तिलकवाडा-रामपुरा इथे नर्मदा काही अंतर उत्तरेकडे वाहते. तिथली परिक्रमा चैत्रात करतात आणि ती एका दिवसात होते, त्यामुळे महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने लोक जातात. इथे नदी ओलांडणं हा परिक्रमेचाच भाग असतो, त्यासाठी नावा किंवा तात्पुरता पूल असतो. शनिवार-रविवार टाळा आणि मध्यरात्रीनंतर चालायला लागा. बहुतेक जाणते तेच करतात.

आणि एक टप्पा नवख्यांनी वसंतात घेऊ नये: शूलपाणीची झाडी. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा फक्त सीमेवरून, ७४ किलोमीटर येते, तीही नंदुरबार जिल्ह्यात, याच झाडीच्या भागात. सरदार सरोवराच्या फुगवट्यात तिथला जुना काठ बुडाला आहे. आता वाट डोंगरांतून आहे, चढउतार मोठे आहेत आणि फाल्गुनानंतर पाण्याची वानवा असते.

दिवस कसा आखावा?

१. साडेचार-पाचला उठा. उजाडू लागताच निघा. उत्तरवाहिनी सोडली, तर अंधारात काठाने चालू नका.

२. साडेदहापर्यंत चालणं संपवा, फार तर अकरा. शेवटचा तास सर्वांत महाग पडतो, कारण तोवर वाळू तापलेली असते.

३. दुपारी चारपर्यंत सावलीत पडून राहा. 'जरा ढग आहेत, निघू या' हा मोह आवरा.

४. संध्याकाळी चाललात तर तास-सव्वा तास आणि पुढचा मुक्काम निश्चित असेल तरच. सूर्यास्तानंतर चालायचं नाही, ही परिक्रमेची जुनी शिस्त आहे. तिचा उपयोग पहिल्याच संध्याकाळी कळतो.

या हिशेबाने दिवसाला १२ ते १५ किलोमीटर होतात. 'आम्ही रोज पंचवीस चालतो' असं सांगणारे भेटतील, त्यांच्याशी बरोबरी करू नका. सहा दिवसांत एक दिवस न चालण्याचा ठेवा.

पाणी तहान लागण्याआधी प्या. पाठीवर किमान दोन लिटर असू द्या आणि दर गावात भरून घ्या. दिवसातून एक-दोनदा जलसंजीवनी पुडीवर लिहिलेल्या मापाने पाण्यात घाला. बरोबरच्या माणसाचा घाम थांबला, अंग तापलं, तो असंबद्ध बोलू लागला किंवा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत आडवं करा, अंगावर ओला पंचा टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

पाणी अचानक का वाढतं?

या विषयावर मी थोडा वेळ घेतो, कारण महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना याची कल्पना बहुधा नसते. उन्हाळ्यात नदी उथळ, म्हणजे निर्धोक, असा आपला समज असतो. नर्मदेवर तो खोटा ठरतो. बर्गी, इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी मोठी धरणं तिच्यावर आहेत आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला वीजघर आहे. विजेची मागणी वाढली की जनित्रं सुरू होतात आणि खाली पाणी येतं. पावसाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. निरभ्र आकाशाखाली, कोरड्या खडकावर बसलेलं असताना पाणी चढू लागतं.

एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावास्येच्या मेळ्यासाठी हजारो लोक पात्रात उतरले होते. वरच्या इंदिरासागर धरणातून सोडलेलं पाणी रात्री त्यांच्यापर्यंत पोहोचलं आणि ६० हून अधिक माणसं वाहून गेली. वसंतातल्याच दिवसांतली ही घटना आहे. म्हणून हे नियम कुठल्याही धरणाखाली पाळा:

- पात्रातल्या वाळूवर, बेटावर किंवा खडकावर मुक्काम करू नका, दुपारची झोपही नाही. कितीही सुंदर जागा असो.
- ओल्या-कोरड्याची रेघ पाहा. खडकावर किंवा वाळूवर ओलसर पट्टा तुमच्या डोक्याच्या वर दिसत असेल, तर पाणी तिथवर येऊन गेलं आहे.
- आंघोळीपूर्वी नावाड्याला किंवा घाटावरच्या दुकानदाराला विचारा: पाणी कधी सोडतात, भोंगा वाजतो का?
- गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात शिरू नका. परिक्रमावासींचा हा नियमच आहे. वाळूउपशामुळे पात्रात अचानक खोल खड्डे पडलेले असतात आणि वरून ते दिसत नाहीत. पट्टीचे पोहणारेही त्यात फसतात.
- काही डोहांत मगरी आहेत. गावातले लोक जिथे उतरत नाहीत, तिथे तुम्हीही उतरू नका.

नावेत बसायची वेळ आली, तर लाइफ जॅकेट मागून घ्या. संकोच करू नका आणि नाव जास्त भरलेली दिसली तर पुढच्या फेरीला थांबा.

काठाने जावं की रस्त्याने?

काठाची वाट म्हणजे आखलेली, खुणा केलेली पायवाट नव्हे. कुठे ती वाळूतून जाते, कुठे गव्हाच्या बांधावरून, कुठे एखाद्या आश्रमाच्या मागच्या दारातून. झाडांवर किंवा भिंतींवर 'परिक्रमा मार्ग' असे बाण रंगवलेले दिसतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. मोबाइलवरचा नकाशा दिशा सांगेल, पण ओढ्याची दरड चढता येते की नाही ते सांगणार नाही. ते गुराख्याला विचारा. त्याने 'सामनेच है' म्हटलं तर किमान अर्धा तास धरा.

मार्चमध्ये गव्हाची कापणी सुरू असते. कापलेल्या शेतातून चालणं सोपं वाटतं, पण ताठ खुंट पायात रुततात. बूटच घाला, सँडल नकोत. कापणीनंतर उरलेल्या खुंटांना इथे नरवाई म्हणतात. ती पेटवायला बंदी असूनही बऱ्याच ठिकाणी पेटवतात. पुढच्या शेतात धूर दिसला तर वाऱ्याची दिशा पाहून वळसा घ्या, दोन जळत्या शेतांच्या मधल्या बांधावरून जाऊ नका. पात्रातल्या वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या असतात. त्यांच्या कडेने चाला, वेलांवरून नाही. फळ हवं असेल तर विकत घ्या. पुष्कळदा वाडीवाला पैसे घेणार नाही, तो त्याचा निर्णय.

रस्त्याने जावं लागलं तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चाला. वाळू वाहणारे ट्रॅक्टर आणि डंपर पहाटे जोरात धावतात.

मुक्काम, जेवण आणि तिथली रीत

या वाटेवर तंबू लागत नाही. आश्रम, धर्मशाळा, मंदिराच्या ओसऱ्या आणि कधी कुणाचं घर, यांवर भागतं. पोहोचल्यावर 'नर्मदे हर' म्हणा. 'कितनी मूर्ति?' असं विचारलं जाईल, म्हणजे माणसं किती. मग 'आसन लगाइये' म्हणतील, म्हणजे अंथरूण पसरा. पुरुषांना बहुधा बाबाजी आणि बायकांना माताराम किंवा माताजी म्हणतात, वय तीस असलं तरी.

दोन प्रकारे जेवण मिळतं. काही ठिकाणी शिजवलेली भोजनप्रसादी, तर काही ठिकाणी सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा, जो तुम्ही स्वतः शिजवायचा असतो. चार जणांत एक लहान पातेलं आणि तवा असला की पुरतं. फाल्गुनानंतर वाटेवरचे परिक्रमावासी कमी झालेले असतात, त्यामुळे जागा मिळते. पण काही ठिकाणचं अन्नछत्र आटोपलेलंही असतं. एका वेळचे गूळ-शेंगदाणे, सातू किंवा दशम्या कायम जवळ ठेवा.

हे पाळलंत तर तुमच्यामागून येणाऱ्यांचंही स्वागत होईल:

- आठ-दहा जणांचा जथा घेऊन न कळवता जाऊ नका. चार जण बरे. जास्त असाल तर पुढच्या मुक्कामाला आदल्या दिवशी निरोप द्या.
- गरम पाणी, वेगळी खोली, बिनतिखटाची भाजी मागू नका. पथ्य असेल तर आपलं आपण रांधा.
- कोणी पैसे मागणार नाही. निघताना दानपेटीत जेवणाखर्चाहून थोडे जास्तच टाका. पेटी नसेल तर गावच्या दुकानातून पीठ-तेल आणून द्या.
- नदीत साबण लावू नका, कपडे धुवायचे तर घाटापासून दूर बादलीत. निर्माल्य, प्लास्टिकचे दिवे, पॉलिस्टरच्या चुनऱ्या पाण्यात सोडू नका.
- आरतीला उभे राहा. श्रद्धा असो वा नसो, ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्या देवापुढे पाच मिनिटं उभं राहायला काही पडत नाही.

पाठीवर काय, किती?

सहा किलोंच्या आत. पाण्यासकट आठ. यादी लहान आहे: दोन जोड कपडे, पंचा, पातळ चादर आणि फोमची चटई, मच्छरदाणी, टॉर्च, पॉवर बँक, टोपी, काठी. कुत्री अंगावर येतात तेव्हा काठी नुसती जमिनीवर टेकवून धरली तरी पुरतं. औषधांत तुमच्या रोजच्या गोळ्या (दोन दिवस जास्तीच्या), जलसंजीवनी, फोडांसाठी चिकटपट्टी आणि जंतुनाशक. आधारकार्डाच्या दोन झेरॉक्स, घरच्यांचा फोननंबर कागदावर लिहिलेला आणि दहा-वीसच्या नोटा. मोबाइलने पैसे देणं सगळीकडे चालतं खरं, पण काठावर नेटवर्क नसलं की चहाचेही पैसे देता येत नाहीत.

बूट नवे नकोत. किमान दोन महिने वापरलेले आणि अर्ध्या नंबराने मोठे हवेत, कारण उन्हात पाय सुजतात. मोजे दर दोन तासांनी बदला. टाच किंवा बोट हुळहुळायला लागताच, त्याच मिनिटाला थांबून पट्टी लावा. आठवड्याच्या चालण्यात लोक घरी परततात ते बहुधा पायाच्या फोडांमुळेच.

सराव म्हणून निघण्यापूर्वीच्या महिन्यात लागोपाठ दोन सकाळी भरलेली पिशवी घेऊन दहा-बारा किलोमीटर चालून पाहा. दुसऱ्या दिवशीचा थकवा तुम्हाला टप्पा किती लांब घ्यायचा ते सांगेल. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि इन्सुलिनवर असणाऱ्यांनी डॉक्टरांना 'उन्हात चालणार आहे' हे मुद्दाम सांगून मात्रा विचारून घ्यावी. इन्सुलिन उन्हात खराब होतं, ओल्या मातीच्या किंवा ओल्या कापडाच्या गारव्यात ठेवण्याची सोय करा.

तुम्ही कुठे 'नाही' म्हणू शकता

नदीकाठच्या गावांतून पायी जायला कोणाची परवानगी लागत नाही आणि कसलं शुल्कही नाही. धरणाचा सुरक्षित परिसर आणि राखीव जंगल यांना मात्र वेगळे नियम असतात. तिथे अडवलं तर हुज्जत न घालता सांगितलेल्या वाटेने जा. शेतातली वाट ही शेतकऱ्याची मेहेरबानी असते, तिथे हक्क सांगू नका.

संकल्पपूजा ऐच्छिक आहे. घाटावर कोणी हजारोंची दक्षिणा सांगू लागला, तर आधी रक्कम ठरवा, नाहीतर स्वतः हात जोडून निघा. मुंडन सक्तीचं नाही. पांढरे कपडेही नाहीत. खंड परिक्रमेसाठी प्रमाणपत्र लागत नाही. लांब चालणारे ते काढतात आणि मुक्कामाच्या ठिकाणी वहीत शिक्के घेतात. आठवण म्हणून तुम्हीही घेऊ शकता, पण ओळख पटवायला आधारकार्ड पुरतं. गाडीतून येऊन 'पुढच्या आश्रमापर्यंत सोडतो' म्हणणाऱ्यांना आणि पाया पडून घेऊन पैसे देऊ पाहणाऱ्यांनाही नम्रपणे नाही म्हणता येतं. तुमचा फोटो काढणाऱ्यालाही.

बायका एकट्या जाऊ शकतात का?

जातात, आणि दर वर्षी जातात. तरीही पहिला टप्पा दोघी-तिघींनी मिळून करावा, असं मी सांगेन. मुक्काम कुटुंब राहत असलेल्या आश्रमात किंवा भरवस्तीतल्या धर्मशाळेत घ्या. तीनपर्यंत तिथे पोहोचा, म्हणजे जागा पटली नाही तर पुढचं गाव गाठायला उजेड उरतो. जागा का पटली नाही याचं कारण कोणालाही द्यावं लागत नाही. ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक जवळ ठेवा. रोज संध्याकाळी मुक्कामाच्या गावाचं नाव घरी कळवा, नेटवर्क नसेल तर दुकानदाराच्या फोनवरून.

पाळीच्या दिवसांत चालावं का, असंही खूप जणी विचारतात. चालण्याला काही बाधा नाही. काही आश्रमांत स्वयंपाकघराबाबत त्यांचे नियम असतात. तिथे राहायचं की पुढे जायचं ते तुम्ही ठरवा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून मोठ्या गावापर्यंत बरोबर न्या.

टप्पा थांबवताना

परतीचं तिकीट शेवटच्या दिवसानंतर एक रात्र सोडून काढा, नाहीतर गाडी गाठण्यासाठी दुपारच्या उन्हात चालाल. शेवटचं गाव आधीच ठरलेलं असलं तरी त्याच्या अलीकडची दोन गावं अशी हेरून ठेवा, जिथून बस मिळते. दोन दिवस लागोपाठ झोप नसेल, ताप असेल किंवा लघवी गडद होत असेल, तर तिथेच थांबा. जिथे थांबलात त्या गावाचं नाव, घाट आणि काठ वहीत लिहून ठेवा. पुढचा खंड तिथूनच उचलायचा असतो आणि वर्षभराने गावांची नावं सरमिसळ होतात. ओंकारेश्वरच्या टप्प्यानंतर पुढे जायचं असेल, तर नावडातोडीहून राजघाट-बडवानीकडचा दक्षिण तट घ्या आणि तो मात्र कार्तिक-मार्गशीर्षात.